डिझाइनच्या कामातून गावाबरोबरच्या शेतीकडे: पहिल्या तीन वर्षांचा मार्ग

पुण्यात बारा वर्षे वेष्टनांचे डिझाइन करून मी पुरंदर तालुक्यात शेती करायला आलो, त्याला आता काही हंगाम झाले आहेत. या काळात अनेक डिझायनर मित्र-मैत्रिणी शेत पाहायला आले आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: जमीन कुठे घ्यावी आणि कितीला मिळेल? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी पाणी समजून घ्यावे, मग माणसे, मग माती, त्यानंतर विक्री, आणि हे सारे जमल्यावर जमिनीचा विचार करावा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणे पुरंदरची आहेत, कारण मला तोच भाग ठाऊक आहे. कोकणात किंवा पूर्व विदर्भात पाऊस, पिके आणि काही कायदेही वेगळे आहेत, त्यामुळे तेथील वाचकांनी आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

घरखर्चाची सोय

नोकरी सोडण्यापूर्वी किमान दोन वर्षांचा घरखर्च वेगळा ठेवावा आणि त्याला शेतीच्या कोणत्याही कामासाठी हात लावू नये. शेतीचे भांडवल वेगळे धरावे. भविष्य निर्वाह निधी मोडून जमिनीत घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण जमीन अडचणीच्या वेळी लगेच विकता येत नाही आणि आरोग्य विम्याचा हप्ता पिकाची वाट पाहत नाही. शक्य असेल तर आठवड्यातले दोन दिवस डिझाइनचे काम चालू ठेवावे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नसला तरी डिझाइनच्या मोबदल्यावर तो लागतोच, म्हणून दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या वह्यांत आणि वेगवेगळ्या बँक खात्यांत असावेत. घरात जोडीदार, मुले, आईवडील असतील तर त्यांचे मत निर्णयाच्या सुरुवातीलाच घ्यावे. मुलांची शाळा आणि जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर आहे, हा मातीइतकाच महत्त्वाचा तपशील आहे.

गाव मे महिन्यात पाहावे

बहुतेक लोक श्रावणात गाव पाहतात आणि हिरव्या डोंगरावर भाळतात. पुरंदरच्या बऱ्याच गावांत वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो प्रामुख्याने जून ते ऑक्टोबर या काळात पडून जातो. त्यामुळे गावाची खरी स्थिती एप्रिल आणि मे महिन्यांत कळते. त्या काळात गावात टँकर येतो का, कोणत्या विहिरींना पाणी आहे, जनावरांना चारा कुठून येतो, हे पाहावे. शक्य असल्यास त्याच गावात खोली भाड्याने घेऊन उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एक वर्ष काढावे. हे वर्ष वाया जात नाही. डिझाइनच्या कामात आपण रेखाटन करण्यापूर्वी वस्तू वापरणाऱ्याला आठवडेच्या आठवडे पाहतो, तीच सवय येथे सर्वांत अधिक उपयोगी पडते.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे चार हजार चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे पाचशे मिलिमीटर पावसात एका एकरावर जवळपास वीस लाख लिटर पाणी पडते. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले बरेचसे वाहून जाते किंवा वाफ होऊन जाते. उन्हाळ्यात भाजीपाल्याला दररोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी धरले, तर दहा गुंठ्यांना पाच हजार लिटर लागते.

विहीर किती पाणी देते हेही मोजता येते. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे आठ हजार नऊशे लिटर. मे महिन्यात मालकाच्या परवानगीने विहीर उपसून घ्यावी, दोरीला गाठी मारून पाण्याची खोली मोजावी आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजावी. एक फूट पाणी चढले असेल, तर ठिबक लावूनही त्या विहिरीवर उन्हाळ्यात बारा ते पंधरा गुंठ्यांपेक्षा अधिक भाजी धरू नये. मी पहिल्या वर्षी हे मोजमाप केले नव्हते. मार्चमध्ये विहीर निम्मी भरलेली दिसली म्हणून वीस गुंठे पालेभाजी आणि काकडी लावली, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकडीचे वेल उभे सुकले. दिसणारे पाणी हा साठा असतो, पण पीक पुढे नेते ती विहिरीची आवक, हे मला त्या नुकसानीतून कळले.

विहीर सामाईक असेल तर हिस्सा किती आण्यांचा आहे (सोळा आणे म्हणजे पूर्ण विहीर), पाण्याची पाळी किती तासांची आहे आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, हे सर्व भागीदारांसमोर विचारावे. नवी विहीर किंवा कूपनलिका घेण्याचा विचार असेल, तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत त्यासाठी परवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे. पाण्याची तपासणीही करून घ्यावी. पुरंदर उपसा सिंचन योजनेचे पाणी मुळा-मुठेतून उचलले जाते, म्हणजे त्यात पुणे शहराने वापरून सोडलेले पाणी असते. ज्या शहराला आपण भाजी देऊ पाहतो त्याच शहराचे सांडपाणी आपल्या सरीत येत असेल, तर कच्ची खायची भाजी त्यावर घ्यावी की नाही याचा विचार केलाच पाहिजे. मी अशा पाण्यावर कोथिंबीर आणि पालक घेत नाही.

पाण्याचा प्रश्न एकट्याच्या बांधात सुटत नाही

या तालुक्यात हे सांगायला दूर जावे लागत नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्यातील अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली, तेथे मृद्‌ आणि जलसंधारणाची कामे केली आणि त्या अनुभवातून पाणी पंचायतीची कल्पना उभी राहिली. तिचे नियम आजही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरतो, भूमिहीनांनाही पाण्यात वाटा असतो, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही आणि या पाण्यावर ऊस घेतला जात नाही. अभियंत्याच्या शिस्तीने केलेली ही रचना आहे आणि माझ्या दृष्टीने ती महाराष्ट्रातील उत्तम डिझाइनपैकी एक आहे, कारण तिने कालव्याआधी वाटपाचा आराखडा केला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पावसाच्या नोंदीवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची हे गाव ठरवते. असा ताळेबंद मांडण्यात डिझायनर खरोखर उपयोगी पडतो. आमच्या वस्तीचा एक मोठा नकाशा मी हाताने काढला. त्यात ओढे, नालाबांध, विहिरी, पाणंद रस्ते आणि उतार दाखवले, आणि तो मारुतीच्या मंदिरात तीन आठवडे लावून ठेवला. लोकांनी त्यात बुजलेले दोन झरे आणि फुटलेला एक बांध स्वतः दाखवून दिला. एरवी गावात येऊन सल्ला देणाऱ्या शहरी माणसाकडे लोक सावधपणे पाहतात, पण चुका दुरुस्त करता येतील असा नकाशा समोर असला की बोलणे सुरू होते.

ग्रामसभेला जावे, तीही केवळ 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या नव्हे. पहिले वर्षभर ऐकण्याचे काम अधिक करावे. इर्जिक आणि सावड हे शब्द आता कमी ऐकू येतात, पण कामे अजून तशी होतात. एकाच्या शेतात सर्वांनी मिळून एका दिवसात काम उरकणे आणि पुढे त्याच्या घरच्यांनी इतरांकडे तितके दिवस जाणे, ही देवाणघेवाण गावात विश्वास कसा चालतो ते दाखवते. तुम्ही एखाद्याच्या ज्वारीच्या काढणीला दोन दिवस गेलात, तर तुमच्या पेरणीला पाभर वेळेवर मिळते. खुरपणीला येणाऱ्या महिलांची मजुरी गावच्या दराने, त्याच दिवशी द्यावी. तिच्यात घासाघीस करून वाचलेल्या पैशावर शाश्वत शेतीची इमारत उभी राहू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

खंडाने किंवा वाट्याने सुरुवात

जमीन विकत न घेता दोन-तीन हंगाम करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला खंडाचा, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन जमीन कसायची. दुसरा वाट्याचा, म्हणजे मालकाबरोबर खर्च आणि उत्पन्न वाटून घ्यायचे. नवख्याने वाट्याने सुरुवात करावी, कारण मालक स्वतः त्या जमिनीत उभा राहतो आणि त्याचे ज्ञान आपोआप मिळते. मालक लेखी करार करायला कचरतात, त्यामागे कुळकायद्याचा इतिहास आहे. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानंतर कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली आणि ती आठवण घराघरांत आहे. ही भीती समजून घेऊन, वकिलाकडून मुदत, वाटा, झाडांचा हक्क आणि पाण्याचे तास स्पष्ट लिहिलेला करार करावा. अविश्वास म्हणून करार मागतो आहे असे वाटू देऊ नये, दोघांच्या आठवणीसाठी लिहून ठेवू असे सांगावे.

क्षेत्र लहान ठेवावे. माझा सल्ला एक एकराचा आहे: तीस गुंठे कोरडवाहू आणि दहा गुंठे भाजीपाला. डिझाइनमध्ये आपण नमुना करतो तसा हा नमुना आहे, एवढा फरक की येथे एका नमुन्याला चार महिने लागतात आणि चूक पुसून टाकता येत नाही.

मातीची तपासणी

मातीचा नमुना पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी घ्यावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा करावा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटे जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहावे. फळबागेसाठी मात्र तीन फुटांपर्यंत थरांनुसार वेगवेगळे नमुने लागतात. अहवालात सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की विम्ल), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन) हे तीन आकडे प्रथम पाहावेत. कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल, आणि आमच्या माळरानावर तो बहुधा असतो, तर पहिली दोन वर्षे उत्पन्नापेक्षा कर्ब वाढवण्याकडे लक्ष द्यावे.

त्यासाठी ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, म्हणजे साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, जमिनीत गाडावा. बांधावर गिरिपुष्प लावावे. काडीकचरा जाळू नये, त्याचे कंपोस्ट करावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी नाडेप पद्धत मला विशेष आवडते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे हे विटांचे टाके असते, त्याच्या भिंतींत हवा खेळण्यासाठी झरोके सोडलेले असतात, आणि काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर देऊन ते भरले की साधारण चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात भरपूर खत व्हावे, हा तिचा उद्देश होता आणि ज्याच्याकडे एकच गाय आहे त्याला त्याचे मोल कळते. जिवामृतही करता येते: दोनशे लिटर पाणी, दहा किलो ताजे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे मिश्रण दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळावे. ही मात्रा एका एकरासाठी आहे. मात्र जिवामृत शेणखताची जागा घेत नाही. माझ्या अनुभवात कर्ब कमी असलेल्या जमिनीत केवळ जिवामृतावर पहिल्याच वर्षी भरघोस पीक येत नाही, आणि तसे सांगणाऱ्यांवर विसंबून संपूर्ण क्षेत्र एकदम बदलू नये.

पहिले पेरणीचे वर्ष

मृग लागला म्हणून पेरणी करू नये. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरावे, कारण पहिल्या सरीवर पेरून पुढे पंधरा दिवस उघडीप पडली तर दुबार पेरणीचा खर्च नवख्या माणसाला मोडून टाकतो. बियाण्याची उगवण घरी तपासावी: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती अंकुरले ते मोजावे. सत्तरपेक्षा कमी अंकुरले तर बियाणे बदलावे किंवा प्रमाण वाढवावे.

कोरडवाहू भागात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ ही जोडी भरवशाची आहे. बाजरी लवकर निघते, तूर मागे उभी राहते आणि तिचा पालापाचोळा जमिनीला मिळतो. जेथे खोल काळी जमीन आहे तेथे रब्बीत मालदांडी ज्वारी घ्यावी, धान्याइतकीच किंमत तिच्या कडब्याला असते. हलक्या मुरमाड जमिनीत सीताफळ आणि अंजीर ही पुरंदरची जुनी फळे आहेत, पण फळबाग तिसऱ्या वर्षापूर्वी आणि दुसऱ्याच्या जमिनीवर लावू नये. गावरान बियाणे ज्या घरांत अजून आहे तेथून मागून घ्यावे आणि हंगामानंतर दीडपट परत करावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या बियाण्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे; प्रत्येक गावात अशा एक-दोन आजी असतातच, त्यांच्या उतरंडीत वाल, घेवडा, डांगर यांचे बी राखेत ठेवलेले असते. ते बी मागताना त्या ज्या नक्षत्रावर लावायला सांगतात तेही लिहून घ्यावे.

दररोजची नोंद ठेवावी: पाऊस, मजुरी, बियाणे, कीड, विक्री, आणि स्वतःचे किती तास गेले. तासांची नोंद न ठेवल्यामुळे पहिल्या वर्षी मला भेंडी फायद्याची वाटत होती. दुसऱ्या वर्षी तास धरले, तेव्हा दिवसाआड तोडणीत गेलेली माझी आणि पत्नीची मजुरी सुटत नसल्याचे दिसले.

विक्री आधी ठरवावी आणि एकट्याने करू नये

ज्यांच्याशी आपली ओळख आहे ती शहरातली कुटुंबे ही डिझायनरची खरी पुंजी असते. तीस कुटुंबांना दर आठवड्याला चार किलो भाजी द्यायची म्हटले तर एकशेवीस किलो लागते, तीही सात-आठ प्रकारांची. दहा गुंठ्यांतून हे सातत्याने निघत नाही. म्हणून पहिल्यापासून चार-पाच शेतकरी एकत्र यावेत, प्रत्येकाने दोन-तीन भाज्या वाटून घ्याव्यात आणि हंगामापूर्वी एकत्र बसून भाव ठरवावा. आमच्याकडे ग्राहक तीन महिन्यांचे पैसे आधी देतात आणि पाणी कमी पडले तर टोपली लहान होईल, हे त्यांनी मान्य केलेले असते. काकडी सुकल्याच्या वर्षी हे सांगितलेले नव्हते, त्यामुळे सहा कुटुंबे सोडून गेली आणि त्यांचे पैसे परत करावे लागले. त्यानंतर जोखीम वाटून घेण्याची गोष्ट मी पहिल्याच भेटीत बोलतो. उन्हाळ्यात भाजीच्या जागी तूरडाळ, ज्वारी, शेंगदाणे आणि वाळवण देतो.

वेष्टनावर खर्च करू नये, हे मी वेष्टनाचे काम केलेला माणूस म्हणून सांगतो. परत येणाऱ्या कापडी पिशव्या आणि खडूने लिहायची पाटी यांवर भाजीचे काम भागते. डाळ, पीठ, तेल विकायचे असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी करावी आणि निव्वळ वजन, वेष्टनाची तारीख, नोंदणी क्रमांक हे सुवाच्य छापावे. ‘सेंद्रिय’ हा शब्द घाईने वापरू नये. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट करून सहभागी हमी पद्धतीत नोंदणी करता येते. तिच्यात शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करतात आणि रूपांतराचा काळ पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. या पाहणीचा खरा लाभ कागदापेक्षा वेगळा आहे: वर्षातून दोनदा आम्ही एकमेकांच्या शेतात नीट फिरतो आणि कोणाच्या बांधावर काय चुकते आहे ते तोंडावर बोलतो. गट स्थिरावला आणि उलाढाल वाढली तर दहा उत्पादक सभासदांची शेतकरी उत्पादक कंपनी स्थापता येते, पण तिचे लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणे सांभाळायची तयारी नसेल तर बचतगटाच्या स्वरूपात राहणे बरे.

शेवटी जमीन

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी साधारणपणे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या 1948 च्या कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून प्रथम आपल्या आजोबांच्या गावचे उतारे काढावेत. वडिलोपार्जित जमिनीवर वारसनोंद राहून गेलेली अनेक शहरी कुटुंबे आहेत आणि ती नोंद झाल्यावर मार्ग मोकळा होतो. ‘सात-आठ गुंठे घ्या, नाव नंतर लावू’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून (कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून) लहान तुकड्यांच्या व्यवहारांवर निर्बंध आहेत आणि त्यांचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे सद्यस्थिती तहसील कार्यालयातूनच समजून घ्यावी.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2, हे आधी पाहावे. वर्ग 2, इनाम, देवस्थान, वतन किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि नवख्याने त्यात पडू नये. इतर हक्कांच्या रकान्यात कुळ, बोजा, बहिणींचे हक्क, विहिरीचे हिस्से यांच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीचा फेरफार, म्हणजे तो बदल कसा झाला याची महसुली नोंद, काढून वाचावा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. पुरंदरमध्ये प्रस्तावित विमानतळासाठी सात गावांतील जमिनीच्या संपादनाचा विषय असल्याने, संपादन, रस्ते आणि आरक्षण यांची चौकशी भूसंपादन व नगररचना कार्यालयांत स्वतंत्रपणे करावी. शेतापर्यंत बैलगाडीचा रस्ता गावनकाशात आहे का, की केवळ शेजाऱ्याच्या भलेपणावर वहिवाट चालू आहे, हेही तपासावे. बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम 143 आणि अडवलेली वहिवाट मोकळी करण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम 5 आहे, परंतु ज्या गावात आयुष्य काढायचे तेथे पहिल्याच वर्षी शेजाऱ्यावर अर्ज करण्याची वेळ येईल अशी जमीन घेऊ नये.

खरेदीखतापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज विक्रेत्याला करायला सांगावा. कार्यालय लगतच्या खातेदारांना नोटीस पाठवते, तरीही आपण चारही बाजूंच्या घरी स्वतः जाऊन मोजणीचा दिवस सांगावा, घरातील थोरल्या माणसाला बांधावर येण्याची विनंती करावी, आणि हद्दीच्या खुणा त्यांच्या डोळ्यांदेखत रोवून घ्याव्यात.